पक्के दात

लहानपणी आम्हा पोरांना पुरतं ठाऊक होतं की दुधाचे दात पांढरे असतात आणि पक्के दात तपकिरी. आंबा पिकला की रंग बदलतो, तसंच काहीतरी. दुधाचा दात पडला की त्या जागी कधी एकदा तपकिरी दात येतो याची आम्ही वाट पाहायचो, कारण तो आला म्हणजे आपण मोठे झालो. ज्याच्या पुढच्या दातांवर पट्टे जास्त, तो वर्गात जास्त ऐटीत. आईबाबांचे आणि गावातल्या म्हाताऱ्यांचे दात पांढरे होते, पण त्याचंही उत्तर आमच्याकडे तयार होतं. म्हातारपणी केस पांढरे होतात, तसे दातही होत असतील. गुरुजींनी हा समज कधी मोडला नाही. ते बाहेरगावाहून यायचे आणि प्यायचं पाणी घरून बाटलीत आणायचे.

आमचं गाव झरी जामणी तालुक्यात, एसटी जिथून परत फिरते तिथे. घराच्या दारात बोरिंग होती, म्हणजे हातपंप. ती बाबांनी आणवली होती. माझ्या वेळी आई पोटुशी असताना नाल्याकाठच्या विहिरीवर घसरून पडली. त्यानंतर बाबांनी पंचायत समितीचे उंबरठे झिजवले, मशीनची गाडी गावात आणली आणि थेट आमच्याच दारासमोर भोक पाडून घेतलं. पाणी लागलं तेव्हा म्हणे ते त्या धारेखाली डोकं धरून बसले होते. विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ व्हायचं, हे मात्र बारा महिने नितळ. सारं गाव आमच्या दारातून पाणी भरायचं आणि बाबांना त्याचा फार अभिमान. पुढे कधीतरी सरकारी माणसं आली, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली, पुन्हा आली आणि बोरिंगला लाल रंग मारून गेली. हे पाणी पिऊ नका असा त्या रंगाचा अर्थ होता. तो आम्हाला कोणी सांगितला नाही, किंवा सांगितला तेव्हा सगळे शेतात होते. बायका म्हणाल्या, बरं झालं, आता गंज धरणार नाही. आम्ही पाणी भरत राहिलो.

त्या घरात मी फार हसायचे. बाबांना नकला करायची हौस आहे. कोतवाल कसा चालतो, ग्रामसेवक सही करायच्या आधी पेन कसा झटकतो, बँकेतला साहेब अंगठा लावून घेताना नाक कसं मुरडतो, सगळं ते जेवताना करून दाखवायचे आणि मी ठसका लागेपर्यंत हसायचे. माझं हसणं चार घरं पलीकडे ऐकू जायचं. आई चुलीपासून ओरडायची, "कायले दात काढून राह्यली वं, भाकर करपून राह्यली न इकडं." करपलेली भाकर बाबा मुकाट्याने खायचे आणि खाताना आईचीच नक्कल करायचे.

दातांची खरी गोष्ट मला अकरावीला पांढरकवड्याला गेल्यावर कळली. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या एका मुलीने मला बाजूला घेतलं. "तू खर्रा खाते काय वं? वार्डन मॅडमले समजलं तं काढून टाकतीन." खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली आमच्याकडची पुडी. मी आयुष्यात साधी सुपारी तोंडात टाकली नव्हती. मी तिला समजावलं की पक्के दात असेच असतात. तिने स्वतःचे दात दाखवले. मग शेजारच्या खाटेवरच्या मुलीला हाक मारून तिचे दाखवले. मला इतका राग आला होता की मी त्या दोघींशी महिनाभर बोलले नाही, जणू त्यांनीच माझे दात रंगवले होते. पण त्या दिवसापासून ओढणी तोंडावर आली. बोलताना वरचा ओठ ओढून धरायची सवय लागली. सुट्टीत गावी आले की ओठ आपोआप सुटायचा. गावात माझ्या वयाच्या सगळ्यांचेच दात तसे, तिथे लाज कोणाची धरणार?

बारावीनंतर मी पांढरकवड्यातच एका औषधाच्या दुकानात काउंटरवर लागले आणि गावाहून एसटीने रोज ये-जा करू लागले. दात पांढरे करणाऱ्या जेवढ्या पेस्ट दुकानात यायच्या तेवढ्या मी वापरल्या. शिवाय लिंबू, खायचा सोडा, मीठ-तेल, कोळशाची पूड आणि कोणीतरी सांगितलं म्हणून केळीच्या सालीची आतली बाजू. सोड्याने हिरड्या सोलवटल्या, लिंबाने दात आंबले. सालीने काहीच झालं नाही, केळी तेवढी संपली. गिऱ्हाईक विचारायचं, या पेस्टनं होतात काय पांढरे? मी ओठ ओढून म्हणायचे, होतात.

मग मास्कचे दिवस आले. आमच्या ओळखीतली माणसं गेली त्यात, म्हणून म्हणायला जीभ रेटत नाही, पण माझे ते दिवस सुखाचे गेले. साऱ्या जगाने तोंड झाकलं होतं. काउंटरवर मी मास्कच्या आत मोकळी हसायचे आणि माझ्या डोळ्यांवरून लोक ओळखायचे की ही हसतेय. मला पाहायला वणीचे पाहुणे आले ते याच काळात. मुलगा खाणीवर वजनकाट्याला कामाला, वडील नाहीत, घरी तो आणि आई. सोबत एक मामा. तिघांनाही मास्क. त्याच्या आईने तर मास्कवरून पदरसुद्धा घेतला होता. चहा नेला तर "नोको, तोंड उघडा लागते," म्हणून परत पाठवला. शिक्षण विचारलं, दुकानाचं काम विचारलं, आणि मास्क काढ म्हणायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्याकडे गेलेल्या फोटोत माझे ओठ मिटलेले होते. माझे डोळे चांगले आहेत. तेवढ्या भांडवलावर लग्न जमलं.

पाहुणे गेल्यावर बाबा त्या बाईंची नक्कल करत होते, पदर आणि मास्क यांच्या आतून येणारा आवाज. मी हसता हसता रडायला लागले. आईला कळेना काय झालं. मी म्हटलं, "त्यायनं माहे दात नाही पाह्यले." तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तं काय झालं? दात कोन पाह्यते?" पण त्यांनी नक्कल तिथेच सोडली.

लग्न पुढच्या हिवाळ्यावर गेलं. मला जे हवं होतं ते फार नव्हतं. बाबांच्या घरात हसते तसं त्या घरात तोंडभर हसता यावं, एवढंच. ओढणी नको, ओठ ओढणं नको. दुकानात, रस्त्यावर तोंड मिटून राहायला माझी ना नव्हती, पण घर म्हणून एक जागा असते, तिथेही जन्मभर चोरून हसायचं या कल्पनेने माझा जीव गुदमरायचा. त्यात आमच्यात नवरी लग्नाला पांढरी साडी नेसते. एकदा दार लावून मी खांद्यावर पांढरा टॉवेल घेतला आणि आरशासमोर दात दाखवले. पांढऱ्याच्या शेजारी ते होते त्यापेक्षा कितीतरी काळे दिसत होते. मी टॉवेल घडी करून ठेवून दिला.

यवतमाळच्या दवाखान्याची जाहिरात दुकानात असताना माझ्या मोबाइलवर आली, तिचा फोटो मी ठेवून घेतला. एका बैठकीत पांढरेशुभ्र दात. मी ती बाबांना दाखवली नसती, त्यांनीच माझ्या खांद्यावरून वाचली. "जाऊन पाहू न," ते म्हणाले. "इथं बसून कोनते होनार हायेत?"

दवाखान्यात आमच्या आधी एक गृहस्थ होते. सोन्याची साखळी, खिशात दोन मोबाइल, आणि दात असे की बाबाही क्षणभर पाहत राहिले. तोंड खर्ऱ्याने पार रंगलेलं. पुतणीचं लग्न आहे, फोटोत बरं दिसलं पाहिजे, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. ते आत गेले, आम्ही बसून राहिलो, आणि ते बाहेर आले तेव्हा मी त्यांना आधी ओळखलंच नाही. दात धुतलेल्या कपबशीसारखे. आरशासमोर उभे राहून ते डॉक्टर मॅडमना विचारत होते, "आता परत खाल्ला तं चालते काय?" बाबांनी मला कोपराने ढोसलं. त्यांच्या डोळ्यांत अशी आशा मी कधी पाहिली नव्हती.

मॅडम तरुण होत्या. त्यांनी दिवा माझ्या तोंडावर ओढला, छोटा आरसा फिरवला आणि विचारलं, "लहानपणी पाणी कुठलं प्यायचात?"

"आमच्या दारातल्या बोरिंगचं," बाबांनी माझ्याऐवजी सांगितलं. "एक नंबर पानी, मॅडम. मीच आनवली व्हती."

मॅडमनी चांगलं समजावून सांगितलं, त्यांना मी दोष देणार नाही. चहा, तंबाखू, खर्रा यांचे डाग बाहेरून चढतात, औषधाने उतरतात. वयाने येणारा पिवळेपणाही उतरतो. पण हे दात हिरडीच्या आत घडत होते तेव्हाच त्या पाण्यातलं फ्लोराइड त्यांच्यात जाऊन बसलं. उगवले ते असेच उगवले. पूर्ण झाकायचे तर प्रत्येक दातावर पातळ कवच बसवावं लागेल. त्याचा खर्च त्यांनी सांगितला आणि आम्ही दोघांनी ते ऐकलंच नाही असं केलं.

"अन् आता पानी बदललं तं?" बाबांनी विचारलं.

"बदला, घरातल्या लहान मुलांसाठी बदला. पण या दातांना आता काही फरक नाही."

बाबा समोरच्या तबकातल्या अवजारांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मंग तुमच्या मशीननं?"

"थोडा फरक पडेल. किती, ते आधी सांगता येत नाही. आणि टिकेल किती, तेही."

"पडन न पन?"

"थोडा."

बाबांनी माझ्याकडे वळून मान हलवली. मॅडम एवढं सगळं बोलल्या, त्यातून त्यांनी हा एक शब्द उचलला. आणि मीही तोच उचलला, त्यांना कशाला नावं ठेवू? आम्ही दोघं पाण्यात बुडताना काडी धरणाऱ्यांतले.

गालांत प्लास्टिकची चौकट घालून त्यांनी माझे ओठ ताणले, इतके की हिरड्यासुद्धा उघड्या पडल्या. जे झाकण्यात माझी सारी उमर गेली ते आता दिव्याखाली, अनोळखी माणसांसमोर, सताड उघडं. हिरड्यांवर निळसर लेप लावून तो घट्ट केला, दातांवर औषध चोपडलं, निळा दिवा लावला. थोडा वेळ काही नाही. मग एकेका दातातून कळ निघायला लागली, ओला हात विजेच्या बोर्डाला लागावा तशी, थेट डोळ्यापर्यंत. मॅडम औषध पुसायच्या, पुन्हा चोपडायच्या, पुन्हा दिवा. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि मला काही वाटत नव्हतं. दुखतंय म्हणजे काहीतरी निघतंय, असं मी स्वतःला सांगत होते.

शेवटी हातात आरसा दिला. मी पाहिलं ते दात माझे नव्हते. तपकिरी पट्टे विरघळून साईसारखे झाले होते, मध्ये मध्ये खडूचे ठिपके होते, पण दुरून पाहिलं तर पांढरे. पांढरे! मॅडम काहीतरी सांगत होत्या, काही दिवस थांबा, आत्ता दिसतो तो रंग खरा धरू नका, पांढऱ्या कपड्यावर डाग पडेल असं काही खाऊ नका. मी मान डोलावत होते आणि आरसा सोडत नव्हते.

खाली जिन्यात बाबांनी मला थांबवलं, दोन बोटांनी स्वतःचे गाल ताणले आणि डोळे वटारून, मघाशी मी खुर्चीत कशी दिसत होते ते करून दाखवलं. मी हसले. रस्त्याच्या कडेला, यवतमाळच्या भर बाजारात, तोंड उघडून हसले. कोणी वळून पाहिलं नाही. "थांब, थांब, तसंच राह्य," म्हणत बाबा मोबाइल काढत होते आणि त्यांची ती घाई पाहून मला आणखी हसू येत होतं. त्यांनी फोटो काढला. माझ्या आयुष्यातला दात दिसणारा तो एकच फोटो आहे.

पांढरकवड्याला गाडी बदलताना, मी पाण्याची बाटली आणायला गेले तेवढ्यात, बाबांनी तो वणीला पाठवून दिला. आमच्या गावात नेटवर्क नसतं, म्हणून तिथूनच पाठवला. मला सांगितलंही किती आनंदाने! दुसऱ्या दिवशी दुकानात त्याचा, होणाऱ्या नवऱ्याचा, फोन आला. आईला फोटो फार आवडला म्हणाला. आईने तो स्टेटसला ठेवलाय, आमची होणारी सून असं लिहून, आणि नागपूरच्या मावशीपासून खाणीवरच्या बायकांपर्यंत सगळ्यांनी पाहिलाय. मला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

घरी आईने पांढरं खायचं फारच मनावर घेतलं. आमच्याकडे हळदीशिवाय काही शिजत नाही. आता फिकं वरण, भात, दही, मुळा, साबुदाणा, पुन्हा भात. मला एकटीला वाईट वाटू नये म्हणून ती सगळ्यांनाच तेच वाढायची. बाबा दहीभात कालवत म्हणायचे, "आता माहे बी चमकतीन." पाणी त्याच बोरिंगचं, पण आई ते पांढऱ्या फडक्यातून गाळून द्यायची. ते पाणी आता माझ्या दातांचं काही बिघडवू शकत नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे." आणि गाळत राहिली.

आठवडा व्हायच्या आतच वरच्या सुळ्यांपाशी पहिल्यांदा सावली दिसली. मला वाटलं उजेडाचा दोष. मी अंगणात आले, मग पुन्हा आत, मग दुकानातल्या आरशात. चहाचा थेंब घेतला नव्हता, हळदीचा कण नाही, तरी ती सावली रोज थोडी थोडी वर येत होती. मधल्या दातांवरचे पट्टे आपापल्या जागी परत आले. खडूचे ठिपके तेवढे कायम राहिले. म्हणजे आधी एकच रंग होता, आता दोन झाले. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, औषधाने त्या दिवशी दात कोरडे पडतात, कोरडा दात जास्त पांढरा दिसतो, मग त्यात ओल परत मुरते आणि खरा रंग दिसतो. हे त्यांनी त्या दिवशीही सांगितलं होतं. मी आरसा पाहत होते.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी कळा इतक्या आल्या की मी खुर्चीचा हात सोडला नाही, आणि फरक पडला तो माझा मलाच दिसला, बाबांना दिसला नाही. दिसला असं ते म्हणाले. तिसऱ्यांदा करा म्हटलं तर मॅडमनी नकार दिला. दात मुळातच कच्चे आहेत, आणखी औषध लावलं तर टवके उडतील. बाबा हात जोडायला लागले, तेव्हा मी त्यांना ओढत खाली आणलं. जिन्यात या वेळी बाबा कुठे थांबले नाहीत. नंतर कित्येक दिवस मला गार पाणी पिता येत नव्हतं, वारा लागला तरी दात ठणकायचे. खर्ऱ्यावाले ते गृहस्थ मला फार आठवायचे. ज्याने पैसे मोजून आपले दात रंगवले त्याचे एका बैठकीत धुऊन निघाले, आणि मी तर फक्त तहान लागली की पाणी प्यायले होते. यात कुठला न्याय आहे ते मला कोणी सांगावं.

मी बाबांना म्हटलं, वणीला सांगून टाका. ते म्हणाले, सांगतो, आणि त्यांनी सांगितलं नाही. मग मीच त्याला फोन केला.

"तो फोटो हाय न, ते दात त्या दिवसापुरतेच व्हते. आता तसे नाहीत."

"मंग कसे हायेत?"

"पह्यलेसारखे."

"पह्यले कसे व्हते?" त्याने विचारलं, आणि माझ्या ध्यानात आलं की पहिले त्याने कधी पाहिलेच नव्हते. मी त्याला सगळं सांगितलं, बोरिंगपासून. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "मले काही फरक नाही पडत. दाताले घेऊन काय कराचं हाय?" फोन ठेवल्यावर मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. मला वाटलं, दात गेले तर गेले, हसणं वाचलं.

लग्न विहाराजवळच्या मैदानात झालं. पांढऱ्या साडीत, दिव्यांच्या झोतात, मी फोटोवाल्याच्या सगळ्या विनवण्यांना ओठ मिटून उत्तर दिलं. माहेर सुटतंय म्हणून नवरी उदास आहे, असं बायका म्हणाल्या. सासूबाईंना कळायला दोन जेवणं पुरली. त्या समोर बसून मला वाढत होत्या, मी काहीतरी बोलले आणि त्यांचा हात मध्येच थांबला. वाईट बाई नाहीत त्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. गार पाण्याने माझे दात ठणकतात हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी वेगळ्या तांब्यात कोमट पाणी ठेवायला सुरुवात केली. फक्त एवढंच, की स्टेटसवर तो फोटो पाहिलेल्या बायका अजून सून पाहायला यायच्या होत्या.

नवरा माझ्याशी याबद्दल बोलला ते अगदी चोरट्यासारखं, खाली पाहत. "मले काही नाही वाटत. मी तं पह्यलेच म्हनलं व्हतं. पन आईनं तो फोटो साऱ्यायले दाखोला. तिचं बी तोंड पडते न. लोकायसमोर तेवढं ओठ मिटून राह्यत जाय, बस. घरात हस किती बी."

इतक्या नरमाईने मागितलेली गोष्ट नाही कशी म्हणायची? मी बरं म्हटलं. वणीचं आमचं घर लाइनीतलं आहे. भिंतीला भिंत, दार दिवसभर उघडं. सकाळी भाजीवाली, मग शेजारची, मग पाण्याला आलेली, संध्याकाळी ओट्यावर बायका. घरात कोणी नाही असं कधी होतच नाही. घरातही कोणी येईल म्हणून मिटलेले ओठ हळूहळू तसेच राहायला लागले. मोबाइलवर नवरा काही मजेशीर दाखवतो, मी नाकाने हसते. त्याने एकदोनदा विचारलं, हसली नाही काहून? आता विचारत नाही.

गेल्या महिन्यात बाबा आले होते. ओट्यावर बायका बसल्या होत्या, सासूबाईंनी त्यांच्यादेखत बाबांना सांगितलं, "विवाई, तुमची पोरगी लय शांत हाय बाप्पा. हासनं नाही, खिदळनं नाही. असी सून भेटत नाही आजकाल." शेजारणींनी माना हलवल्या. बाबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना कोणीतरी भलत्याच मुलीबद्दल बोलतंय असं वाटलं असावं. सासूबाई खरंच कौतुकाने बोलत होत्या.

मी बाबांना स्टँडवर सोडायला गेले. तिथे आमच्या लाइनीतलं कोणी नव्हतं. बाबा इकडेतिकडे पाहून माझ्या जवळ सरकले आणि गावात नुकतंच झालेलं सांगायला लागले. शुद्ध पाण्याचं मशीन बसवलंय, त्याच्या उद्घाटनाला मोठे साहेब आले होते. साहेबांनी बटन दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. आता साहेब हातात रिकामा ग्लास धरून उभे, फोटोवाला तयार, सरपंच घामाघूम. बाबांनी पोट पुढे काढलं, ग्लास धरलेला हात उंच केला, दोन्ही डोळे फोटोवाल्याकडे लावून चेहऱ्यावर ते सरकारी हसू आणलं. फार हुबेहूब होतं. माझ्या पोटातून हसू वर आलं, मला कळलं ते येतंय, गळ्यापर्यंत आलं. मी ओठ सोडायला गेले आणि ते सुटले नाहीत. मी खरंच प्रयत्न केला. डोळ्यांत पाणी आलं, खांदे हलले, तोंड मिटलेलंच राहिलं.

बाबांचा हात तसाच वर होता. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मग हात खाली आला आणि त्यांनी पिशवी उचलली. "गाडी कवा येते ते इचारून येतो," असं म्हणून ते चौकशीच्या खिडकीकडे गेले. त्यांची पांढरकवड्याची गाडी आमच्या समोरच उभी होती.